ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या नववी-दहावीच्या लेकरांना आईवडिलांचा आधार किती वाटतो, हे मोजायचं कसं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईला एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय आहे, किशोरवयीन मुलांना जाणवणारा आईवडिलांचा आधार आणि परीक्षेचा ताण. मुलं केज आणि धारूर तालुक्यातली, नववी-दहावीची. सरांनी झिमेट आणि सहकाऱ्यांची जाणवणाऱ्या आधाराची १९८८ ची मापनी घ्यायला सांगितली. तिच्यात १२ विधानं आहेत. चार कुटुंबाबद्दल, चार मित्रांबद्दल आणि चार 'विशेष व्यक्ती'बद्दल. प्रत्येक विधानाला १ (पूर्ण असहमत) ते ७ (पूर्ण सहमत) असे गुण.

मागच्या फेब्रुवारीत मराठी करून एका शाळेत थोड्या मुलांकडून भरून घेतली, पारखायला म्हणून. कुटुंबाच्या चारही विधानांना बहुतेकांनी सरळ ७ दिले. एका पोरानं तर वरपासून खालपर्यंत ७ च्या रकान्यात एकच उभी रेघ ओढली आणि 'झालं मॅडम' म्हणून कागद हातात दिला. 'विशेष व्यक्ती' वाचल्यावर मागच्या बाकावरून कुणाचं तरी नाव आलं, वर्ग फिदीफिदी हसला आणि पुढचा सगळा फॉर्म त्याच हसण्यात भरला गेला.

आणि एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुटुंब म्हणजे आत्ता घरात हायत ते, का कारखान्यावर गेलेत ते?" मी म्हटलं, दोन्ही. तिनं थोडा वेळ पेन दातात धरलं आणि ती चारही विधानं कोरी सोडून दिली.

आता पोळा झालाय, दिवाळीनंतर खरी माहिती गोळा करायची आहे. माझे प्रश्न असे:
दुसरी कुठली मापनी बरी? आई आणि वडील वेगळे विचारावेत का? सर म्हणतात, प्रमाणित चाचणीला हात लावायचा नाही. आणि दिवाळीनंतर निम्म्या मुलांचे आईवडील गावात नसतील, मग संमतीपत्रावर सही कुणाची घ्यायची?

---

आकडेमोड

थोडक्यात सांगतो, मी संख्याशास्त्र शिकवतो, संभाजीनगरला.

सगळ्यांनी ७ दिले तर तुमच्याकडे मोजण्यासारखं काही उरत नाही. आधाराच्या गुणांत फरकच नसेल तर ताणाशी सहसंबंध येणार कुठून? एकाच रकान्यात रेघ ओढणाऱ्यांमुळे क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, मात्र झकास येतो, विद्यार्थी खूश होतात आणि प्रबंधात '०.९' ठळक छापतात. ती विश्वसनीयता नव्हे, रेघेची सरळता आहे.

पर्याय म्हणाल तर:

आर्म्सडेन आणि ग्रीनबर्ग यांची आईवडील आणि मित्रांशी असलेल्या जवळिकीची १९८७ ची मापनी. सुधारित आवृत्तीत आईसाठी २५, वडिलांसाठी २५, मित्रांसाठी २५ विधानं. विश्वास, संवाद आणि दुरावा असे तीन भाग. आई-वडील वेगळे मोजायचे तर ही चांगली, पण लांबलचक. काही विधानं उलट्या गुणांची आहेत. नकारार्थी वाक्य आणि त्यावर 'असहमत' अशी गाठ बसली की नववीचं पोर गोंधळतं.

पार्कर, टपलिंग आणि ब्राउन यांची आईवडिलांच्या वागण्याबद्दलची १९७९ ची २५ विधानांची मापनी: १२ जिव्हाळ्याची, १३ अतिसंरक्षणाची. पण ती मोठ्या माणसांनी आपली पहिली सोळा वर्षं आठवून भरायची असते. चौदा वर्षांच्या मुलाला देऊ नका.

मलेकी आणि डेमरे यांची शाळकरी मुलांसाठीची मापनी. आईवडील, शिक्षक, वर्गमित्र, जवळचा मित्र आणि शाळेतले लोक असे पाच स्रोत, प्रत्येकाला १२ विधानं. प्रत्येक विधानाला 'किती वेळा' आणि 'तुला हे किती महत्त्वाचं' असे दोन प्रश्न.

सरांना एक सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं युरोप आणि कॅनडात शाळकरी मुलांचं जे मोठं सर्वेक्षण होतं, त्यात झिमेटच्या मापनीतली कुटुंबाची चार विधानं सुटी वापरली आहेत. म्हणजे 'विशेष व्यक्ती' गाळायला आधार आहे. वर्ग हसणार नाही.

---

खडूफळा

मांजराकाठ ताई, मी धारूर तालुक्यात एका माध्यमिक शाळेवर गणित-विज्ञान शिकवते. मानसशास्त्राची पदवी नाही. पण असले फॉर्म भरून घ्यायचं काम शाळेत नेहमी माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वेळ असेल तर वाचा.

त्या पोरीनं जे विचारलं ना, त्यावरच तुमचा सगळा अभ्यास उभा करा. 'दोन्ही' हे उत्तर चालणार नाही. डिसेंबरात आमच्या वर्गाची हजेरी घेताना समोर बसलेलं लेकरू कुठून जेवून आलंय हे विचारावं लागतं. कुणी आजीपाशी, कुणी चुलत्याकडं, कुणी हंगामी वसतिगृहात, कुणाची मोठी बहीणच, म्हणजे अकरावीतली पोरगी, घर चालवते. भाकरी आजीची, बोलणी चुलतीची, आणि रात्रीचा फोन आईचा. हे सगळं 'माझं कुटुंब' या दोन शब्दांत कोंबून वर १ ते ७ मधला एक आकडा मागायचा, तर पोरगी कोरंच सोडणार. तिनं प्रामाणिकपणा केला. बाकीच्यांनी ७ दिले.

म्हणून तीन रकाने करा. आई. वडील. आणि 'सध्या घरी मला सांभाळतात ते', त्यात कोण ते मुलानं स्वतः लिहायचं. तीच चार विधानं तिन्ही रकान्यांत. त्याच्याआधी मूळ चार विधानं जशीच्या तशी एकदा भरून घ्या, म्हणजे सरांच्या चाचणीला हात लागला नाही. तुमचे तीन रकाने 'अनुकूलित' म्हणून वेगळे मांडा.

आता ते ७ कुठून येतात याचं बोलू. आकडेमोड सरांनी रेघेचं सांगितलं ते बरोबर, पण सगळीच लेकरं काही टाळायला म्हणून ७ देत नाहीत. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्या उचलीतून बहिणीचं लग्न झालेलं असतं, नाहीतर दवाखाना झालेला असतो, नाहीतर याच पोराची फी. पोराला हे सगळं ठाऊक असतं. माय पहाटे चारला उठून थंडीत मोळ्या बांधते हेही त्यानं बघितलेलं असतं, कारण पाचवी-सहावीपर्यंत तोही तिथं कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, राहिलेला असतो. अशा लेकराला तुम्ही विचारता, 'माझे कुटुंबीय मला खरोखर मदत करायचा प्रयत्न करतात, सहमत का असहमत?' तो ५ तरी कसा देईल? त्याच्या लेखी ५ देणं म्हणजे आईबापाशी बेइमानी. शिवाय अर्ध्या वर्गाला वाटतं, सर्वे म्हणजे योजना. "मॅडम, याच्यावर पैसे येणार का?" हा प्रश्न मला दर फॉर्मला येतो. आणि आईवडिलांचं नाव निघालं की कागद घरी जाणार अशी भीती असतेच.

तर मत विचारूच नका असं नाही, पण त्याच्या जोडीला 'किती वेळा' विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचं शाळांमधलं आणखी एक सर्वेक्षण आहे, मुळात १३ ते १५ वयाच्या मुलांसाठी आखलेलं. भारतात ते २००७ मध्ये सीबीएसईच्या शाळांत झालं. त्यात मागच्या ३० दिवसांबद्दल विचारतात: आईवडील किंवा सांभाळणाऱ्यांनी तुझा गृहपाठ झाला का हे किती वेळा पाहिलं? तुझ्या अडचणी, चिंता किती वेळा समजून घेतल्या? मोकळ्या वेळात तू काय करतोस हे त्यांना किती वेळा खरंच माहीत होतं? उत्तरं 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत पाच. माझा अनुभव असा की 'गृहपाठ किती वेळा पाहिला' याला आमची लेकरं बिनधास्त 'कधीच नाही' लिहितात. कारण त्यात आईला बोल लागत नाही. ती कारखान्यावर होती, कशी बघणार? तेच लेकरू 'आई मला आधार देते' याला परत ७ देतं, आणि दोन्ही उत्तरं खरी असतात.

इथंच तुमचा खरा माल आहे, ताई. मिळालेला आधार आणि जाणवलेला आधार या दोन गोष्टी वेगळ्या धरतात हे तुम्हाला वर्गात शिकवलं असेलच. माझ्या वर्गातला एक पोरगा सांगते. त्याच्या मायचा फोन रात्री नऊनंतर येतो, कोपीत लाईट नसते म्हणून बॅटरी राखून. "जेवलास का? आजीला त्रास देऊ नको. ठिवते." संपला फोन. तो पोरगा छाती ठोकून सांगतो की माय माझ्या पाठीशी आहे. त्याच बाकावर दुसरा, बापाचं गावातच कृषी केंद्र, बाप रोज रात्री ताटाला ताट लावून जेवतो. त्यानं वडिलांच्या रकान्यात ३ टाकले होते. तेव्हा आईबाप गावात नाहीत म्हणजे आधार कमी, असं गृहीत धरून निघालात तर फसाल. आणि दोघं सारखेच, असं धरलंत तरी फसाल.

दुसरी गोष्ट, आधार कशाचा? हाऊस नावाच्या अभ्यासकानं १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार पाडले: एक, जीव लावणं; दोन, पैसा, वस्तू, हातानं केलेली मदत; तीन, माहिती-सल्ला; आणि चार, 'तुझं हे बरोबर चाललंय, हे चुकतंय' असं सांगणं. मलेकी-डेमरे यांच्या मापनीत हे चारही आहेत. आमच्या भागातल्या लेकरांना पहिल्या प्रकारात कमी काही नाही. दुसऱ्यात ओढाताण, पण लेकरू ती समजून घेतं. तिसऱ्यात मात्र भगदाड असतं. दहावीनंतर आयटीआय का अकरावी सायन्स, डिप्लोमाचा फॉर्म कुठं भरायचा, जातीचा दाखला कधी काढायचा, हे सांगायला घरात कुणी नाही. माय कधी शाळेत गेली नाही, बाप चौथी. एका पोरीला मी विचारलं, पुढं काय करायचं हे घरी कुणाशी बोलतेस? ती म्हणाली, "माय म्हणती तुला जे येतंय ते कर." तिनं ते कौतुकानं सांगितलं आणि लगेच पुढं, "पण मला काय येतंय हेच मला कळंना." आता हिचे चारही प्रकारांचे गुण एकत्र करून सरासरी काढा. झिमेटच्या मापनीत ५.१ च्या वर सरासरी गेली की 'उच्च आधार'. फाईल बंद. मग परीक्षेचा ताण कशानं आला ते शोधत बसा.

मुलींचं आणखी एक. आमच्याकडं वडील पोरीला स्टँडवर सोडायला येतात आणि मानव विकासची (शाळेच्या मुलींसाठीची सरकारी) बस हलेपर्यंत थांबतात. एकीला ती माया वाटते, दुसरीला पहारा. बाहेरून दिसणारं वागणं अगदी सारखं. पार्करची मापनी तुमच्या वयाला चालत नाही, पण त्यातला विचार घ्यायला काय हरकत आहे? जिव्हाळा आणि धाक एका पट्टीची दोन टोकं नाहीत, दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. 'माझं म्हणणं ऐकून मग निर्णय घेतात' अशी एक-दोन विधानं मुलींसाठी तरी टाका, वेगळी मोजा. पोरगी एकटी मागं कशी ठेवायची, या धास्तीनं हंगामाच्या आधी स्थळं बघायला सुरुवात होते हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यावर प्रश्न घालू नका. पण एखादीनं कागदाच्या मागं लिहून दिलं तर तुम्ही काय करणार, हे आधी ठरवा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर जवळ ठेवा, शाळेत कुणाला सांगायचं ते माणूस आधी पक्कं करा. फॉर्म गोळा करून अंबाजोगाईची एसटी धरली, असं चालणार नाही.

सहीचं सोपं आहे पण वेळेवर करा. टोळ्या दसऱ्यापासून हलायला लागतात. दिवाळीनंतर सही मागायला गेलात तर बाप असेल कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात. पालकांची संमती आत्ता, घटस्थापनेच्या आत घ्या. शिक्षक-पालक सभेला बोलावलं तर येणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर घरी जा. आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणं १२ ते १८ च्या मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही लागते. आजीचा अंगठा घेऊन भागवायचा विचार असेल तर आधी कॉलेजच्या नीतिसमितीला विचारा.

---

निलंगेकर बाप

मॅडमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी काही अभ्यासक नाही, माझं निलंग्यात हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी लातूरला नीटची तयारी करतेय. तिच्यासोबत राहायला बायको खोली करून लातूरला, मी आणि माझी म्हातारी आई इकडं. क्लासची फी, खोलीचं भाडं, टेस्ट सिरीज, सगळं वेळेवर. दर रविवारी भेटायला जातो, जाताना डबा, तूप, काय लागेल ते.

क्लासमध्ये समुपदेशक मॅडमनी असाच फॉर्म भरून घेतला आणि मला बोलावलं. 'वडील माझ्या अडचणी समजून घेतात' याला मुलीनं सगळ्यात खालचं उत्तर दिलेलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं करून हे? मग त्या मॅडमनी मला एकच विचारलं, टेस्टचे मार्क तुम्हाला कधी कळतात? मी म्हटलं, लगेच, क्लासचा मेसेज पालकांच्या मोबाईलवर येतो. मुलीला कधी कळतात? तर तिच्याकडं मोबाईलच नाही, तो आम्हीच काढून घेतलेला. म्हणजे तिला मार्क माझ्या फोनवरून कळतात. मी हॅलो कसं म्हटलं यावरून तिला अंदाज येतो, असं ती बायकोला म्हणाली होती.

माझा प्रश्न एवढाच की हा फॉर्म आईबापांकडूनही भरून का घेत नाहीत? आमची बाजू कोण मोजणार? आणि ताई, तुमचा विषय परीक्षेच्या ताणाचाच आहे, तर असली पोरंही घ्या. ऊसतोडीच्या पोरांनाच तेवढा आधार कमी पडतो असं काही नाही.

---

आकडेमोड

निलंगेकर दादा, पालकांकडून भरून घेतात की. पण दोन्ही बाजू जुळत नाहीत. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मुलांच्या भावनिक-वर्तनाच्या समस्यांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर मुलानं स्वतःबद्दल दिलेली माहिती आणि इतरांनी त्याच्याबद्दल दिलेली माहिती यांत सरासरी सहसंबंध ०.२२ निघाला. पूर्ण जुळलं असतं तर १ आला असता. कुणी खोटं बोलतंय असं नव्हे, दोघं वेगळं बघतात. 'जाणवलेला' आधार मोजायचा तर मूल म्हणेल तेच माप. पालकांचं माप घ्यायचं तर ते वेगळं चल (व्हेरिएबल) म्हणून घ्या, मुलाचं उत्तर तपासायला नको.

मांजराकाठ, तुमच्यासाठी: लातूरची मुलं आत्ता घेऊ नका. लघुप्रबंध आहे, पीएच.डी. नाही. एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, तेव्हा मोजक्या शाळांतून भरपूर मुलं घेण्यापेक्षा जास्त शाळांतून थोडी थोडी घ्या. खडूफळा मॅडमचे तीन रकाने मला पटले. पण 'आई' आणि 'वडील' यांची बेरीज करू नका, शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

---

ज्वारीचं_कणीस

मी हे धागे नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मी परभणीला नर्स आहे, माहेर वडवणी तालुक्यातलं. पाचवीपासून दहावीपर्यंत मी आजीपाशी राहिले, आईदादा हंगामाला जायचे.

आम्हाला एकदा शाळेतून असा फॉर्म 'घरून भरून आणा' म्हणून दिला होता. आजीला वाचता येत नव्हतं आणि शाळेचा कागद म्हटलं की तिला धास्ती, की फी मागितली का नाव काढलं. ती म्हणाली, मोठ्यानं वाच. मग मी एकेक वाक्य मोठ्यानं वाचलं आणि तिच्यासमोर खूण केली. 'घरात माझ्याशी प्रेमानं बोलतात.' आजी समोर बसून लसूण सोलतेय. तुम्हीच सांगा मी काय लिहिलं असेल.

म्हणून ताई, फॉर्म घरी देऊ नका. वर्गातही बाकावर एकीआड एक बसवा.

आणि माझ्याकडून एक प्रश्न घाला. 'आधार वाटतो का' याच्याऐवजी, मागच्या वेळी खरी अडचण आली तेव्हा तू सगळ्यात आधी कुणाला सांगितलंस? माणसाचं नाव नको, नातं लिहायचं. मला पहिली पाळी जानेवारीत आली. आजीला सांगायची लाज, आईचा फोन चार दिवस लागला नाही, लागला तेव्हा शेजारी सगळी टोळी. मी शेजारच्या काकूला सांगितलं, त्यांनी सगळं दिलं, समजावलं. आईवर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. पण तुमच्या फॉर्ममध्ये ती काकू कुठल्याच रकान्यात बसत नाही. हंगाम संपल्यावर आईनं त्या काकूला लुगडं नेसवलं, एवढं तिला कळलं होतं.

---

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंचं वाचून मी सरांना आजच फोन केला. ते म्हणाले, मूळ चार विधानं जशीच्या तशी ठेव, बाकी 'संशोधकानं तयार केलेली पूरक प्रश्नावली' म्हणून जोड. म्हणजे आता असं ठरतंय: आधी ३० दिवसांचे 'किती वेळा' प्रश्न, मग मूळ चार विधानं, मग आई, वडील आणि सांभाळणारे असे तीन रकाने, आणि शेवटी 'सगळ्यात आधी कुणाला सांगितलंस'. मुलींना आणि मुलांना फॉर्म एकच, खडूफळा मॅडमनी सुचवलेली निर्णयाची दोन विधानं दोघांनाही.

दोन शंका. एक, हंगामात एकदाच मोजू, का आत्ता एकदा आणि जानेवारीत एकदा? दुसरी, ज्यांचे वडील नाहीत त्यांचं काय करू? पारखायला घेतलेल्या फॉर्ममध्येच असे दोघं-तिघं होते.

---

आकडेमोड

दोनदा मोजता आलं तर सोनंच. तेच मूल, तोच फॉर्म, आईवडील गावात असताना आणि नसताना. फक्त मुलाला सांकेतिक क्रमांक द्या, नाहीतर दुसऱ्या वेळचा कागद पहिल्याला जोडता येणार नाही. ज्यांचे आईवडील हंगामाला जात नाहीत अशी मुलंही दोन्ही वेळा घ्या, नाहीतर जानेवारीतला फरक हंगामाचा का जवळ आलेल्या परीक्षेचा, हे कळायचं नाही.

---

खडूफळा

ज्वारीचं कणीस, तुमचा प्रश्न मी माझ्या वर्गातही विचारणार आहे.

वडील नसलेली लेकरं आमच्या प्रत्येक वर्गात आहेत, काहींचे कसे गेले ते सगळ्या गावाला माहीत असतं. त्यांना हात वर करायला लावू नका, 'ज्यांना वडील नाहीत त्यांनी हा रकाना सोडा' असंही मोठ्यानं म्हणू नका. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर 'लागू नाही' अशी चौकट छापा, आईच्या रकान्यावरसुद्धा, आणि सगळ्यांना सारखीच सूचना द्या: जो रकाना तुमचा नाही त्याच्या चौकटीत खूण करा. आई माहेरी निघून गेलेली, बापानं दुसरी केलेली, अशीही लेकरं असतात. ती स्वतःच ठरवतील.

१ ते ७ ऐवजी तुमच्या पूरक भागात पाचच उत्तरं ठेवा. '५ आणि ६ मध्ये काय फरक मॅडम' याचं उत्तर मला कधी देता आलं नाही. सुरुवातीला एक सरावाचं वाक्य फळ्यावर सोडवून घ्या, आईबापाशी संबंध नसलेलं, 'मला कैरी आवडते' असलं काही. वर्गशिक्षकाला बाहेर जाऊन चहा प्यायला सांगा. मीही जाईन. आणि फॉर्म भरून झाला की तिथल्या तिथं लगेच निघू नका, मधल्या सुट्टीपर्यंत ओट्यावर बसा. ज्याला बोलायचंय ते लेकरू तेव्हा येतं. कुणाचं जास्तच वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तो फोन शाळेतून लावून द्या, नंबर कागदावर लिहून देऊन काही होत नाही.

सहामाहीच्या आठवड्यात येऊ नका. आणि झेरॉक्स पाठपोट काढू नका, दोन रुपये वाचतात पण मागचं पान निम्मी पोरं उलटतच नाहीत.